उगवलाच नाही असा दात, आणि क्लिपच्या दवाखान्यातले आकडे

दात पडला की कौलावर टाकायचा, म्हणजे नवा लवकर येतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. बहुतेकांचा येतोही. पण काहींचा येत नाही. सहा महिने जातात, वर्ष जातं, घरात म्हणतात हिरडी जाड असेल, येईल सावकाश. पुढे कधीतरी वेड्यावाकड्या दातांना क्लिप लावायची म्हणून मुलाला दवाखान्यात आणतात, एक्स-रे निघतो आणि तेव्हा कळतं की तो दात हाडात कधी तयारच झाला नव्हता.

डॉक्टरी भाषेत याला हायपोडोंशिया म्हणतात. मी कोल्हापुरात दात सरळ करण्याचं काम करते आणि हे निदान सांगितलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "असं किती जणांचं असतं, मॅडम?" प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र आपण कुणाला मोजलं आणि कोणते दात धरले, यावर ठरतं. मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी पाच टक्के दिसतात, दुसरीकडे अकरा, तिसरीकडे बावीस. पालक घाबरतात किंवा वैतागतात. हे तिन्ही आकडे खरे असू शकतात, आणि ते कसं, हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी दात मोजू. दुधाचे वीस, कायमचे बत्तीस. दुधाच्या प्रत्येक दाताच्या जागी एक कायमचा दात येतो आणि मागच्या बारा दाढा कोणाची जागा न घेता नव्याने येतात. या बारांतल्या चार अक्कलदाढा. त्या नसण्याचं प्रमाण इतकं मोठं आहे की सगळा हिशेब त्याच फिरवतात. जगभरच्या अभ्यासांची २०१५ साली एकत्र बेरीज झाली, तेव्हा निदान एक तरी अक्कलदाढ तयारच न झालेली माणसं साधारण २२ टक्के निघाली. म्हणजे दर चार-पाच जणांत एक. त्याला कुणी आजार म्हणत नाही आणि म्हणूही नये. म्हणून दात नसण्याचा अभ्यास करताना अक्कलदाढा बाजूला ठेवतात आणि उरलेले अठ्ठावीस मोजतात.

अठ्ठावीसांत पाहिलं तर प्रमाण एकदम खाली येतं. २०१४ साली जगभरच्या अभ्यासांची अशीच बेरीज केली गेली आणि उत्तर आलं सुमारे ६.४ टक्के. त्याआधी २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी युरोपातल्या लोकांसाठी काढलेला आकडा ५.५ टक्के होता. आपल्या शाळांतला साठ मुलांचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यात तीन-चार मुलं अशी असतील ज्यांचा अक्कलदाढ सोडून एखादा दात कधी येणारच नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना त्याचा पत्ता नसतो.

पत्ता का नसतो, ते कोणता दात गैरहजर आहे यावर आहे. सगळ्यात जास्त वेळा नसते ती खालच्या जबड्यातली दुसरी उपदाढ. सुळ्याच्या मागे दोन छोट्या दाढा येतात, त्यातली मागची. केसपेपरवर आम्ही तिला ३५ किंवा ४५ लिहितो. तिच्याआधी त्या जागेवर दुधाची मोठी दाढ असते आणि खालून ढकलणारं कुणी नसल्यामुळे ती पडत नाही, तिथेच बसून राहते. पोरगं त्याच दाढेनं ऊस चावतं, भाकरी खातं, दुखत काही नाही. कोण कशाला दाखवेल? दुसऱ्या नंबरावर वरचा बाजूचा पटाशीचा दात, म्हणजे समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा. तो नसला की लगेच दिसतो, कारण हसलं की फट. त्यानंतर वरची दुसरी उपदाढ. एक गंमत लक्षात येते का बघा: दाताच्या प्रत्येक गटातला शेवटचा गडीच बहुधा गैरहजर असतो. पटाशीच्या दातांतला शेवटचा, उपदाढांतला शेवटचा, दाढांतली शेवटची अक्कलदाढ. वरचा बाजूचा पटाशीचा दात नसेल तर तो बऱ्याचदा उजवा-डावा दोन्हीकडचा नसतो. इतर दातांच्या बाबतीत मात्र सहसा एकाच बाजूचा गैरहजर असतो.

ज्यांना असं असतं त्यांच्यातल्या ८३ टक्के लोकांचा एक किंवा दोनच दात नसतो. सहा किंवा त्याहून जास्त दात नसणं फार दुर्मीळ, एकूण लोकांत हजारात एक-दोन. ही ओळ मी पालकांना मुद्दाम दोनदा सांगते.

आता क्लिपच्या दवाखान्यातले आकडे. ऑर्थोच्या, म्हणजे दात सरळ करून घ्यायला आलेल्या, रुग्णांवर देशोदेशी असंख्य अभ्यास झाले आहेत, कारण ते करणं सोपं आहे. प्रत्येक रुग्णाचा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच फिल्मवर दाखवणारा मोठा एक्स-रे, उपचाराआधी काढलेलाच असतो. कपाटातल्या फाइल काढायच्या आणि मोजायचं. अशा अभ्यासांत पाच-सहा टक्क्यांपासून दहा-बारा टक्क्यांपर्यंत आकडे येतात आणि बहुतेकदा ते सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा वर असतात. यावरून "आजकाल दहा-बारा टक्के मुलांना दातच येत नाहीत" अशी बातमी करणारे चूक करतात. गंगावेश तालमीत जाऊन तिथल्या पोरांची वजनं घ्यायची आणि कोल्हापूरच्या तरुणांचं सरासरी वजन म्हणून छापायची, तसं ते होईल. वजनं खरी, काटा खरा, निष्कर्ष खोटा.

कसा, ते आकड्यांत बघू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. समजा एका भागात शाळकरी मुलं हजार आहेत. त्यातल्या साठ जणांचा एखादा दात जन्मतः नाही, उरलेल्या ९४० जणांचे सगळे आहेत. दात नसला की फट पडते, शेजारचे दात कलतात, म्हणून अशा मुलांपैकी दर तीनांतला एक ऑर्थोकडे पोचतो. म्हणजे २०. बाकीच्यांपैकी दर पाचांतला एक येतो. म्हणजे १८८. दवाखान्यात एकूण २०८ मुलं आली, त्यात दात नसलेली २०. टक्केवारी काढा: जवळपास दहा. बाहेर सहा टक्के, दवाखान्याच्या आत दहा टक्के, आणि कुणीही कुठे लबाडी केलेली नाही. दवाखान्याच्या दारानंच माणसं निवडून आत घेतली.

हे दार आणखी एक गोष्ट बदलतं, ज्याकडे अभ्यास वाचताना मी आवर्जून बघते. समोरचा दात नसलेलं मूल लवकर आणलं जातं, उपदाढ नसलेलं येतच नाही किंवा दुसऱ्याच तक्रारीसाठी आलेलं असताना योगायोगानं सापडतं. त्यामुळे काही ऑर्थो दवाखान्यांच्या यादीत वरचा पटाशीचा दात पहिल्या नंबरावर दिसतो आणि उपदाढ मागे पडते. नुसता आकडाच बदलतो असं नाही, क्रमही बदलतो.

मुलींचंही तसंच. मुलींमध्ये हे प्रमाण मुळातच थोडं जास्त आहे, मुलग्यांच्या सुमारे १.३७ पट. पण क्लिप लावायलाही मुलीच जास्त आणल्या जातात, आणि त्यामागचं कारण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. स्थळं बघायची वेळ येईल, तेव्हा दात नीट दिसले पाहिजेत. मुलग्याची फट "चालतंय की" म्हणून सोडून देतात. रुग्णांत मुलींचा भरणा वाढला की दवाखान्याची एकूण टक्केवारी आणखी थोडी वर सरकते. मला यातलं टक्केवारीचं फारसं दुःख नाही. मुलग्यांची निदानं उशिरा होतात, याचं आहे.

तिसरी अडचण वयाची. दुसऱ्या उपदाढेचा कोंब साधारण अडीच-तीन वर्षांच्या सुमाराला कडक व्हायला लागतो आणि सहसा पाच-सहा वर्षांपर्यंत एक्स-रेत दिसतो. पण काही मुलांत हा दात फार आळशी असतो, आठ-नऊ वर्षांपर्यंत, क्वचित त्याच्याही पुढे काहीच दिसत नाही आणि मग उगवतो. सातव्या वर्षाच्या ओपीजीवर "दात नाही" असा शिक्का मारला तर त्यातले काही शिक्के दोन वर्षांनी पुसावे लागतात. अक्कलदाढेचं तर दहा वर्षांच्या आत काही बोलूच नये. म्हणून कोणताही आकडा वाचताना मोजलेल्या मुलांचं वय काय होतं ते आधी शोधायचं.

आणि हो, तोंडात दिसत नाही म्हणजे तो दात नाहीच, असंही नव्हे. वरचा सुळा टाळूच्या बाजूला हाडात आडवा अडकलेला असू शकतो, एखादा जादा दात वाट अडवून बसलेला असू शकतो, लहानपणी सायकलवरून पडून दात गेला आणि घरच्यांच्या लक्षात राहिलं नाही असंही होतं. नुसत्या तोंडात बघून यातला फरक सांगता येत नाही.

ओपीजीची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली की दोन कमानी दिसतात. दुधाच्या दाढेची मुळं फाकलेली असतात आणि त्या फाकलेल्या मुळांच्या मधोमध, हाडाच्या आत, कायमच्या उपदाढेचा माथा असायला हवा: पांढरी स्पष्ट कड आणि भोवती बारीक काळी रेघ. जिथे दात नसतो तिथे मुळांच्या मध्ये फक्त हाडाची करडी जाळी असते, एकसारखी, मध्ये काही नाही. पालकांना मी फिल्म हातात देते आणि दुसऱ्या बाजूची उपदाढ दाखवते. दोन बाजू शेजारी बघितल्या की वेगळं काही समजवावं लागत नाही. एक्स-रेची भीती वाटणाऱ्यांसाठी: एका ओपीजीतून मिळणारा किरणांचा डोस आपल्याला जमिनीतून, आकाशातून रोज फुकट मिळणाऱ्या किरणांच्या काही दिवसांएवढा असतो. कारण असेल तर नक्की काढावा, कारण नसेल तर हौसेनं काढू नये.

कारणांकडे वळते, कारण इथे एक अन्याय होताना मी वारंवार पाहते. दात नाही म्हटलं की घरातल्या नजरा आईकडे वळतात. गरोदरपणी कॅल्शियमच्या गोळ्या नीट घेतल्या नव्हत्या, दूध पीत नव्हती, काही उष्ण खाल्लं असेल. यातलं काहीही खरं नाही. गोळ्या चुकल्या म्हणून दाताचा कोंब नाहीसा होत नाही. लहान वयात कर्करोगासाठी केमो किंवा रेडिएशन द्यावं लागलं तर दात तयार होणं थांबू शकतं, पण ती अगदी वेगळी गोष्ट. दात न येण्यामागे मुख्य हात जनुकांचा असतो. १९९६ मध्ये एमएसएक्स-१ या जनुकातला बिघड सापडला, २००० मध्ये पॅक्स-९ मधला, आणि पुढे डब्ल्यूएनटी-१०ए हे जनुक या बाबतीत फार महत्त्वाचं ठरलं. ही जनुकं गर्भात आणि नंतर जबड्यात दाताच्या कोंबाला "आता वाढ" हा निरोप पोचवतात. निरोपात कुठे खंड पडला की तो कोंब तिथेच विरतो. हा बिघड आईकडून येऊ शकतो, वडिलांकडून येऊ शकतो, किंवा नव्यानेही होऊ शकतो.

एका मुलीच्या वेळी खुर्चीशेजारी आई आणि आजी दोघी उभ्या होत्या. मुलीचा वरचा बाजूचा दात दोन्हीकडे नव्हता. आजी ठामपणे म्हणाल्या, "आमच्यात कुणाचंच असं न्हाई ओ मॅडम." मी विचारलं, "आजी, तुमच्या अक्कलदाढा आल्या होत्या का?" त्या जरा थांबल्या. "त्या कवाच आल्या न्हाईत. बरं झालं म्हटलं, दुखणं वाचलं." मग मुलीच्या बाबांना आत बोलावलं. वरचा बाजूचा एक दात बारीक, टोकदार, कण्हेरीच्या कळीएवढा. त्यांना तो कधी खटकलाच नव्हता. अक्कलदाढ नसणं, बाजूचा दात बारीक असणं, पटाशीचा दात नसणं ही बऱ्याचदा एकाच घराण्यातल्या एकाच प्रवृत्तीची वेगवेगळी रूपं असतात. आजींनी सुनेकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, पण मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, म्हणून नात्यातल्या लग्नाचं मी नेहमी विचारते. एक-दोन दात नसण्याशी त्याचा संबंध जोडायची घाई करू नये. पण काही जनुकांत आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली की बरेच दात नसतात, कधी नखं, केस, त्वचाही वेगळी असते. दोघं एकाच घराण्यातले असतील तर अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते.

बरेच दात नसलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे गंभीरपणे बघायला हवं. चार्ल्स डार्विननं १८७५ साली सिंध प्रांतातल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद छापली आहे. चार पिढ्यांतले दहा पुरुष, प्रत्येकाला दोन्ही जबडे मिळून पटाशीचे चार दुबळे दात आणि मागच्या आठ दाढा. अंगावर केस जवळजवळ नाहीत, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून भयंकर त्रास. मुलींना स्वतःला काही होत नव्हतं, पण त्यांच्या मुलग्यांत ते उतरत होतं. आज आपण याला एक्टोडर्मल डिस्प्लेसिया म्हणतो. त्याचा हा प्रकार एक्स गुणसूत्रावरून जातो आणि त्यात घामाच्या ग्रंथी नीट तयार होत नाहीत. एखाद्या बाळाला दात फार थोडे येत असतील, केस विरळ असतील, घाम येत नसेल आणि एप्रिल-मे महिन्यात कारणाशिवाय ताप चढत असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे येण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. घाम न येणाऱ्या लेकराला उष्णता जिवावर बेतू शकते.

आता उपचार. इथे सगळ्यात जास्त नुकसान घाईनं होतं. "बारा वर्षांचा झाला, दुधाची दाढ अजून पडली नाही, काढून टाका" असं म्हणत पालक येतात. खाली दात नसेल तर ती दुधाची दाढ हा खजिना आहे. ती काढली की त्या जागेचं हाड हळूहळू पातळ होतं, शेजारचे दात आत झुकतात आणि पुढे तिथे काहीही बसवणं अवघड होतं. मुळं शाबूत असतील आणि कीड नसेल तर ती दाढ वर्षानुवर्षं काम करते. विशीपर्यंत टिकली तर पुढेही बराच काळ टिकण्याची शक्यता चांगली. फक्त ती रुंद असते. दुधाची खालची मागची दाढ दहा मिलिमीटरच्या आसपास भरते आणि उपदाढ सातच्या थोडी वर, म्हणून क्लिप लावताना तिच्या दोन्ही बाजू जराशा घासून तिला उपदाढेच्या मापाला आणता येतं. कधी कधी ती हाडाला चिकटते. आरशाच्या दांड्यानं हलकेच ठोकलं की शेजारच्या दाताचा आवाज मऊ येतो, हिचा खणखणीत. चिकटलेली दाढ जागेवरच राहते आणि आजूबाजूचं हाड व दात वर चढतात, त्यामुळे ती बुडाल्यासारखी दिसते. फार बुडायला लागली तर मात्र वेळेत काढावी लागते. दर वर्षी तपासून हा निर्णय घ्यायचा असतो.

समोरचा पटाशीचा दात नसेल तर दोन वाटा आहेत. एक, क्लिपनं सुळा पुढे आणून त्या जागी बसवायचा, त्याचं टोक घासून, कडेला सिमेंट लावून त्याला पटाशीच्या दाताचं रूप द्यायचं. आयुष्यभर स्वतःचा दात, हा मोठा फायदा. सुळा मुळात पिवळसर आणि जाड असतो, ही अडचण. दुसरी वाट, जागा मोकळी करून ठेवायची आणि कृत्रिम दात बसवायचा. कोणती वाट घ्यायची हे चावा कसा बसतो, जागा किती आहे, सुळ्याचा रंग आणि आकार कसा आहे, हसताना हिरडी किती दिसते यावर ठरतं. मी जमेल तिथे पहिली वाट सुचवते, कारण मोठं होऊन हे मूल कुठे राहील, कोणत्या डॉक्टरकडे जाईल, ते माहीत नसतं. स्वतःच्या दाताला देखभाल कमी लागते.

कृत्रिम दात ठरला तर इम्प्लांटची, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाची, घाई करायची नाही. चेहरा वाढतो तेव्हा वरचे दात हाडाबरोबर खाली सरकत राहतात. इम्प्लांट हाडाला जोडला गेल्यामुळे तो सरकत नाही. पंधराव्या वर्षी बसवला तर विसाव्या वर्षी तो शेजारच्यांपेक्षा आखूड, वर चढलेला दिसतो आणि समोरच्या दाताचं ते व्यंग झाकणं फार कठीण. मुलींना निदान सतरा-अठरा, मुलग्यांना वीस-एकवीसपर्यंत थांबवावं लागतं, आणि तेव्हाही चेहऱ्याचा बाजूचा एक्स-रे काही महिन्यांच्या अंतरानं दोनदा काढून वाढ थांबल्याची खात्री करून घ्यावी लागते. तोवर फट घेऊन फिरायची गरज नाही. क्लिप काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या रिटेनरमध्येच एक दात बसवून देता येतो, किंवा शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला एका पंखाचा ब्रिज करता येतो. तो कित्येकांना इतका छान चालतो की पुढे इम्प्लांटचं नावच निघत नाही.

खर्चाची चिंता असेल तर वारणानगरजवळ नवे पारगावला डेंटल कॉलेज आहे, सांगलीकडेही आहेत. कॉलेजात वेळ जास्त जातो, पैसे कमी लागतात, आणि क्लिप, कृत्रिम दात, लहान मुलांचे दात हे विभाग एकाच जागी असल्यामुळे सगळे मिळून एक बेत ठरवू शकतात. या दुखण्यात ते फार मोलाचं असतं.

घरी एवढं बघा. एका बाजूचा दात आला आणि सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा त्याच नावाचा आला नाही, तर दाखवा. वरचे मोठे दोन दात येऊन वर्ष उलटलं तरी शेजारचे आले नाहीत, तर दाखवा. लहान वयात दुधाचाच एखादा दात आला नव्हता असं आठवत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्याच्या जागचा कायमचाही नसण्याची शक्यता मोठी असते. थोरल्याचं निदान झालं असेल तर धाकट्या भावंडाला आठव्या-नवव्या वर्षी एकदा तपासून घ्या, आणि थोरल्याची ओपीजी फिल्म त्या वेळी बरोबर घेऊन या.